सदैव हसतमुख व्यवस्थापक पाहिजे

आपल्या मंडळानं मला फसवलं, आणि माझं नाव पुढं करून परशुराम जाधवला फसवलं.

हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण आपण दिवाळी अंक कसा वाचतो ते मला ठाऊक आहे. पहिलं वाक्य वाचायचं, मग पानं उलटून आपला फोटो कुठं आलाय ते शोधायचं. ज्यांना फोटो शोधायचाय त्यांनी आता खुशाल जावं. मुद्दा त्यांना कळलेला आहे.

आपल्या मराठी मंडळाचे कार्यवाह निमकर साहेब हेच या अंकाचे संपादक. सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले, व्हाइटफील्डला चौदाव्या मजल्यावर राहतात. गणपतीनंतर मी त्यांच्याशी भांडले. ते का, हे पुढं येईलच. भांडणानंतर आठवडाभरानं त्यांचा गोड आवाजात फोन आला.

"सुमित्राताई, यंदा अंकात तुमचा प्रेरणादायी प्रवास हवाच. एका सामान्य स्त्रीची असामान्य झेप!"

"झेप कसली हो? सगळा जन्म टेबलामागं बसून काम केलं."

"मग संघर्षगाथा म्हणू."

"आठवणी म्हणा."

'झेपे'वरून 'आठवणीं'वर त्यांना उतरवेपर्यंत माझा चहा निवला. मग मी माझी अट सांगितली. अंकाच्या मागच्या कव्हरवर दरवर्षी माझ्या एजन्सीची जाहिरात असते. यंदा ती हवी असेल, तर लेख जसा देईन तसा छापायचा. माझी भाषा खुलवायची नाही. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांपूर्वी आलंय की आमच्या मराठीत 'जरा'च्या जागी कन्नड 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' येणारच. निमकर साहेब 'हो' म्हणाले. त्यांनी शब्द पाळला असेल, तर तुम्ही हे वाचताय.

आता माझा धंदा काय ते सांगते. मी लोकांना नोकऱ्या लावून देते. मालकाला माणूस हवा असतो, तो मला सांगतो. मी जाहिरात लिहिते, येणाऱ्यांतून चार निवडते, त्यांतला एक तो ठेवतो. माझी फी मालक देतो, पण तो माणूस तीन महिने टिकला तरच. आधी पळाला तर बदली माणूस मी फुकट द्यायचा. म्हणजे जाहिरातीत खोटं लिहिलं की नुकसान माझं. माझ्या जाहिराती खऱ्या असतात म्हणून लोक मला सज्जन समजतात. तसं काही नाही. खोटं मला परवडत नाही, एवढंच.

सुरुवात यशवंतपूरला झाली, बाजारामागच्या एका झेरॉक्सच्या दुकानात. दुकानदारानं मला एक टेबल टाकू दिलं. आसपास कारखाने, गोदामं, कांद्याचे घाऊक व्यापारी. तिथल्या गेटांवर तेव्हाही पाटी असायची आणि आजही असते, 'केलसक्के जन बेकु'. कामाला माणसं पाहिजेत. याहून चांगली नोकरीची जाहिरात मी आजवर वाचलेली नाही. माणूस पाटी वाचतो, आत जातो, काम बघतो, जमलं तर थांबतो.

बिघडतं ते मालकाच्या हातात पेन आल्यावर. माझं पहिलंच गिऱ्हाईक गाड्यांचे सुटे भाग विकायचं. त्याला कारकून हवा होता. त्यानं सांगितलं, "लिही अक्का. प्रामाणिक, मेहनती, निर्व्यसनी, अगदी राजा हरिश्चंद्रासारखा."

मी विचारलं, "अण्णा, हरिश्चंद्र मिळाला तर तो तुमच्या दोन नंबरच्या बिलांवर सही करील का?"

मला वाटलं, पहिलं गिऱ्हाईक गेलं. मग तो म्हणाला, "सरी. नुसतं 'हिशेब येणारा' लिही."

त्या दिवशी मला कळलं की जाहिरात लिहायची नसते, उतरवायची असते. बाजारात भाजीवाली शंभर सांगते तेव्हा तिलाही शंभर मिळणार नाहीत हे माहीत असतं. मालकाचंही तसंच. फरक इतकाच की भाजीवालीशी घासाघीस करायला आपण लाजत नाही. मालकासमोर मात्र नोकरी मागणारा हात बांधून उभा राहतो आणि ती यादी खरी समजतो. म्हणून त्याच्या वतीनं मी घासते. फी मालकाकडून घेते आणि भांडते नोकराच्या बाजूनं. असा धंदा फक्त वकिलांनाच जमतो असं लोकांना वाटतं.

पुढं शहर पूर्वेला पसरलं, काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि मीही बस बदलत व्हाइटफील्डला जायला लागले. तिथं पाट्या नव्हत्या. तिथं नोकरीचा 'प्रवास' झाला होता. माणूस नको होता, 'कामाचा ध्यास घेतलेला' माणूस हवा होता. याच दिवसांत मी माझी एक रीत पाडली, जिच्यावरून अजून लोक मला हसतात. जाहिरात लिहिण्याआधी मी त्या नोकरीच्या खुर्चीत स्वतः एक दिवस बसते.

एका नव्या कंपनीला स्वागतकक्षात मुलगी हवी होती. भरती बघणारी रिया पुण्याची होती, वयानं माझ्या मुलीपेक्षा लहान. तिच्या मजकुरात 'स्फोटक ऊर्जा' असं होतं. मी त्या खुर्चीत सकाळपासून बसले. दोन कुरियरवाले आले. एक गृहस्थ आले, त्यांना शेजारच्या इमारतीत जायचं होतं. दुपारनंतर तेवढंही नाही. एसीचा आवाज ऐकत मी संध्याकाळ केली.

"रिया, ही स्फोटक ऊर्जा त्या पोरीनं ठेवायची कुठं? टेबलाच्या खणात?"

"मॅडम, पण व्हाइब तर हवी ना!"

"माणूस हवा. जो न कंटाळता बसेल आणि कोणी आलं तर वर बघेल."

मी लिहिलं, 'शांतपणे बसता येणारी मुलगी पाहिजे. फोन कमी, पाहुणे कमी. रिकाम्या वेळात वाचायला हरकत नाही.' ती शेवटची ओळ टाकू देण्यासाठी रियाशी माझं भांडण झालं. के. आर. पुरमची एक मुलगी आली, परीक्षांचा अभ्यास करणारी. पास होईपर्यंत ती त्या खुर्चीत टिकली. त्याआधीच्या स्फोटक मुली महिन्याला एक या दरानं स्फोट होऊन गेल्या होत्या.

तोंड मात्र मला नेहमीच महागात पडलं. एक तरुण माझ्याकडं आला होता, अंगात टी-शर्ट, तोंडात मोठमोठे शब्द. त्याला 'मालकासारखा विचार करणारा' कामगार हवा होता. मी म्हटलं, "मालकासारखा विचार करणारा तुझ्याकडं नोकरीला कशाला येईल रे? तुझ्यासारखंच टेबल टाकील." तो चिडून गेला. आज त्याची व्हाइटफील्डला आख्खी इमारत आहे. मेट्रो तिच्यावरून जाते तेव्हा मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघते. जरा गोड बोलले असते तर काय बिघडलं असतं? असं वाटतं. मग त्याच्याकडून सुटून आलेली पोरं माझ्याकडं येतात, आणि नाही वाटत.

उमेदवारही आता शहाणे झालेत. जाहिरातीत 'आम्ही एक कुटुंब आहोत' असं दिसलं की विचारतात, "अक्का, कुटुंब लिहिलंय, म्हणजे सुट्टी मिळणार नाही ना?" एका मालकाला मी हे कळवलं तर तो दुखावला. "मी खरंच त्यांना मुलांसारखं वागवतो." मी म्हटलं, "तेच तर. मुलांना पगार वेळेवर कोण देतो?"

हे सगळं मी वर्षानुवर्षं मंडळाच्या हळदीकुंकवात, कोजागिरीला सांगत आलेय. तुम्ही हसला आहात. हसता हसता दुसऱ्यांना सांगितलं आहे. म्हणूनच राग येतो. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर धंद्यातली चाल म्हणून सोडून दिलं असतं.

तर आता परशुराम.

मे महिन्यात आपल्या सभागृहाचे जुने व्यवस्थापक काम सोडून मुलाकडं म्हैसूरला गेले. अध्यक्ष शिंदेअण्णा माझ्या माहेरच्या ओळखीतले. ते म्हणाले, "सुमित्रा, माणूस बघ. घरचं काम आहे, फी मागू नको." नाही मागितली. रीत मात्र सोडली नाही. एका लग्नाच्या दिवशी मी सभागृहात व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसले. बसले कसली! पाण्याचा टँकर, जनरेटरचं डिझेल, वरपक्षाची हरवलेली किल्ली, आचाऱ्याचं आणि सजावटवाल्याचं भांडण, सगळं कन्नडमध्ये. संध्याकाळी पाय सुजले. मग मी जाहिरात लिहिली. मला ती पाठ आहे.

'सभागृहासाठी व्यवस्थापक पाहिजे. चाव्या, पाणी, वीज आणि बुकिंग सांभाळायचं. कन्नड यायलाच हवं. लग्नसराईत रविवारी सुट्टी नाही, बदल्यात मंगळवार. राहायला खोली आहे, खिडकी एकच.'

निमकर साहेबांना ती दिली. ते म्हणाले, "छान आहे ताई. भाषा स्वल्प खुलवतो." तेवढ्यापुरता त्यांनीही आमचा 'स्वल्प' वापरला, मला बरं वाटलं, आणि मी मुलीच्या बाळंतपणाला धारवाडला निघून गेले.

परत आले तेव्हा परशुराम माझ्या ऑफिसात येऊन बसलेला. त्याला यशवंतपूरच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मीच लावलं होतं, पोऱ्या होता तेव्हा. आता तिथला सुपरवायझर, केस पिकलेले. हातात म्हैसूरपाकाचा डबा.

"अक्का, तोंड उघडा. तुमच्यामुळं झालं."

"माझ्यामुळं काय झालं?"

"मंडळात लागलो की! सभागृहाला. कँटीन सोडलं."

म्हैसूरपाक तोंडातच राहिला. मी म्हटलं, "सोडलं? पक्की नोकरी सोडलीस? मला न विचारता?"

"तुमचं नाव होतं ना खाली. मग विचारायचं काय?"

त्यानं फोनवर जाहिरात दाखवली. तुम्ही सगळ्यांनी ती ग्रुपवर वाचली आहे, पण तेव्हा ती तुमच्या पोटावर येत नव्हती, म्हणून पुन्हा वाचा. 'मायमराठीच्या सेवेत स्वतःला झोकून देणारा, सदैव हसतमुख, चैतन्याचा अखंड झरा असलेला व्यवस्थापक पाहिजे. सूत्रसंचालन, गायन, संगणक व महाराष्ट्रीय पाककलेत पारंगत. वय तिशीच्या आत, अनुभव पंधरा वर्षांचा. मंडळ हेच कुटुंब मानणारा. प्रशस्त, हवेशीर निवास.' चाव्या गेल्या. पाणी गेलं. मंगळवार गेला. माझ्या एका खिडकीचं प्रशस्त आणि हवेशीर झालं. आणि तळाशी माझ्या एजन्सीचं नाव, 'यांच्या खात्रीसह'.

"अरे, तिशीच्या आत लिहिलंय. तू पन्नाशीला आलास!"

"मालक लोक लिहितातच अक्का. तुम्ही उतरवलं असेल म्हटलं."

"आणि गायन?"

"आरती येते की."

"कशासाठी सोडलंस रे कँटीन?"

तो जरा लाजला. "जन्मभर शिव्या कन्नड-हिंदीत खाल्ल्या. शेवटची चार वर्षं मराठीत खाईन म्हटलं."

मी चप्पल घालायला उठले, निमकरांच्या घरी जायला. त्यानं मला अडवलं. कँटीनमध्ये त्याच्या जागी दुसरा माणूस लागला होता, परतीची वाट बंद. घर रिकामं करून बायकोसह तो त्या खोलीत आला होता. "अक्का, भांडू नका. लागलीय नोकरी, टिकू द्या." माझा राग माझ्या घरच्यांना विचारा. तो मी परशुरामसाठी गिळला. वरून म्हैसूरपाक खाल्ला.

गणपती आले. संध्याकाळचा कार्यक्रम, सभागृह भरलेलं, आणि टाक्या कोरड्या. टँकर के. आर. पुरमच्या गर्दीत अडकलेला. परशुराम गेटवर ड्रायव्हरला फोनवरून गल्लीबोळ सांगत होता. इकडं मंचावर निमकर साहेबांनी माइक घेतला. "आणि आता सूत्रं हाती घेताहेत आपले चैतन्यमूर्ती व्यवस्थापक, परशुराम जाधव!" टाळ्या झाल्या. चैतन्यमूर्ती नाही. पुन्हा नाव, पुन्हा टाळ्या. शेवटी तो आला. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली, कारण टँकर नुकताच पोचला होता आणि पाइप गळका होता. त्यानं माइक घेतला.

"नमस्कार. टँकर आला. स्वल्प थांबा, नळाला पाणी येतंय."

आणि उतरून गेला. मागं स्वयंपाकघराच्या दारातल्या बायकांनी जी टाळी वाजवली ती मी अजून ऐकते. पुढच्या रांगेतल्या तुमच्यापैकी काहींची तोंडं मात्र आंबट झाली. त्या रात्री जेवणं झाल्यावर हात सगळ्यांनीच धुतले, आंबट तोंडवाल्यांनीही.

विसर्जनानंतर परशुरामला सांगण्यात आलं की त्याच्यात उत्साह कमी पडतो. दिवाळीनंतरच्या सभेत त्याच्याबद्दल विचार होईल, तोवर त्यानं दुसरीकडं बघून ठेवलेलं बरं. हे ऐकल्यावर मात्र मी चप्पल घातली.

चौदाव्या मजल्यावर निमकर साहेबांनी मला सोफ्यावर बसवलं, समोर चकली ठेवली. शिंदेअण्णाही तिथंच होते.

"ती जाहिरात कोणी लिहिली?"

"सर्वानुमते झाली हो ताई. मसुदा ग्रुपवर टाकला, समितीतल्या प्रत्येकानं आपापली एक ओळ सुचवली."

"आणि तुम्ही प्रत्येकाची घातलीत."

"कोणाची गाळणार? तुम्हाला माहीत आहे आपल्याकडं काय होतं. ओळ गाळली की माणूस वर्षभर कार्यक्रमाला येत नाही."

हे खरं होतं. इथल्या जुन्या घराण्यांची एक घेतली की नव्यानं आलेल्यांची एक घ्यावी लागते. अशा रीतीनं आपण माणसाची जाहिरात केली नाही, एकमेकांचा मान राखला. मान तुमचा राहिला आणि त्याचं ओझं परशुरामच्या अंगावर आलं.

"सगळ्यांच्या ओळी घातल्या, मग माझ्याच का काढल्या?"

"त्या जरा... रुक्ष होत्या."

"पाणी रुक्ष?"

शिंदेअण्णा चकलीकडं बघत होते. मी त्यांना विचारलं, "अण्णा, या समितीत सदैव हसतमुख कोण आहे? एक नाव सांगा." अण्णा हसले. मग हसायचं थांबले.

"बरं, ते राहू दे. खाली माझं नाव कोणी घातलं?"

निमकर साहेब म्हणाले, "लोकांना विश्वास वाटावा, म्हणून ठरलं तसं."

"ठरलं कसं? नाव आपोआप चालत येऊन बसलं?"

"ताई, आता कशाला उगाळायचं?"

मी उठले. चकलीला हात लावला नाही, आणि मला चकली आवडते.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा ओळीचं काय मोठं? माझ्या धंद्यात सगळं तेवढंच आहे. माझ्याकडं इमारत नाही, संगणकांची रांग नाही. यशवंतपूर ते व्हाइटफील्ड, माझं नाव खाली दिसलं की माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही, एवढीच माझी कमाई. परशुरामनं प्रश्न विचारला नाही. पक्की नोकरी सोडून, बायकोला घेऊन तो एका खिडकीच्या खोलीत आला. तिथून त्याला उत्साह कमी म्हणून काढलं, तर तो माझ्या नावावर बुडाला. पुढच्या गल्लीतली पोरं हे ऐकतील, आणि मग माझी पाटी वाचूनही ती पुढं निघून जातील.

म्हणून सभेआधी सगळ्या सभासदांसमोर माझा सौदा मांडते. परशुरामला कायम करा, माझ्या मूळ जाहिरातीवर. चाव्या, पाणी, वीज, बुकिंग आणि मंगळवार. खोलीला दुसरी खिडकी पाडून द्या. सूत्रसंचालन ज्यांनी सुचवलं त्यांनी करावं, गायन ज्यांनी सुचवलं त्यांनी गावं. झऱ्याचं काय करायचं ते झरा सुचवणाऱ्यानं ठरवावं. यातलं काही उतरवायचं असेल तर उतरवा, मी घासाघीशीला तयार आहे. फक्त परशुराम आणि मंगळवार उतरणार नाही.

आणि एक हिशेब घासाघीशीत येत नाही. सभेला मी पुढच्या रांगेत बसणार आहे. शेजारी परशुराम असेल, टँकरची वेळ नसली तर. 'यांच्या खात्रीसह' असं लिहून माझं नाव त्या जाहिरातीखाली ज्यानं घातलं, त्यानं उभं राहावं आणि परशुरामकडं बघून उत्तर द्यावं. 'ठरलं' नको, 'सर्वानुमते' नको. एक माणूस हवा, कामाला तयार. हसतमुख नसला तरी चालेल.